पॉवर बँक सामानात टाकू नका, जवळ ठेवा: असं का सांगतात?

मावशीला घेऊन बंगळुरूला निघालो होतो. बॅगा काउंटरवर दिल्या, बोर्डिंग पास हातात आले, आणि तेवढ्यात मावशीच्या नावाचा पुकारा झाला. परत गेलो. तिची बॅग उघडायला लावली. वरती चिवड्याचा डबा, त्याखाली भाजणीची पिशवी, नातवासाठी विणलेला स्वेटर, आणि अगदी तळाशी, लोकरी मोज्यात गुंडाळलेली पॉवर बँक. आदळू नये म्हणून तिनं ती मुद्दाम जपून ठेवली होती. कर्मचाऱ्यानं ती काढून तिच्या हातात दिली. "आजी, ही तुमच्याजवळ ठेवा," एवढंच म्हणाला.

तेव्हा मावशी गप्प राहिली. विमानात बसल्यावर मात्र तिनं विचारलं, "पेट घेते म्हणून खाली सामानात नको म्हणतात ना? मग माझ्या मांडीवर बरी चालते?"

प्रश्न अगदी रास्त आहे. धोक्याची वस्तू माणसांपासून लांब ठेवायची, हे आपण लहानपणापासून शिकतो. रॉकेलचा डबा चुलीपासून लांब, फटाक्यांची पिशवी देवघरापासून लांब. इथे नेमकं उलटं सांगतात. हे उलटं का, ते कळलं की विमानतळावरचे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप लक्षात राहतात. त्यासाठी आधी बॅटरीच्या पोटात डोकवावं लागेल.

आत असते एक अळूवडी

अळूवडीचा उंडा आठवा. पान पसरायचं, वर पीठ लावायचं, त्यावर दुसरं पान, पुन्हा पीठ, आणि सगळं घट्ट गुंडाळायचं. बऱ्याचशा लिथियम-आयन सेलची रचना अशीच असते. तांब्याच्या पातळ पट्टीवर ग्रॅफाइटचा लेप, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लिथियम असलेल्या धातूच्या ऑक्साइडचा लेप, आणि दोघींच्या मध्ये प्लास्टिकचा अत्यंत पातळ पडदा. या तिन्हींची घट्ट गुंडाळी करून ती डबीत किंवा चंदेरी पाकिटात बंद करतात. ही एक गुंडाळी म्हणजे एक सेल. फोनमध्ये बहुधा एकच सेल असतो, पॉवर बँकेत दोन-चार, लॅपटॉपमध्ये तीन ते सहा.

चार्जिंग करताना लिथियमचे कण पडद्यातून ग्रॅफाइटकडे जातात, फोन वापरताना परत येतात. एवढ्या येण्याजाण्यावर आपलं सगळं चालतं. लिथियम हा सगळ्यात हलका धातू, म्हणून थोड्या वजनात भरपूर वीज साठते. सोनी कंपनीनं १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आणली. ती घडवणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. खिशातल्या फोनपासून कानातल्या यंत्रापर्यंत किती माणसांचं आयुष्य या शोधानं सोपं केलं!

अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे तो पडदा. त्याची जाडी साधारण २० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी. दुसरी अडचण म्हणजे ही गुंडाळी ज्या द्रवात भिजलेली असते तो द्रव. लिथियमला पाणी चालत नाही, म्हणून इथे पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक वापरतात, आणि ते पेट घेतात.

पडदा फाटला की

पॉवर बँक वजनाखाली चेपली, तिच्यात टोकदार वस्तू घुसली, कारखान्यात धातूचा एखादा कण आत राहून गेला, किंवा वाजवीपेक्षा जास्त चार्ज झाली, तर पडद्याला इजा होते. दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकतात. आत शॉर्ट सर्किट होतं आणि तेवढी जागा तापते. तापमान १३० अंशांच्या आसपास गेलं की पडदा स्वतःच वितळू लागतो, मग आणखी जागा टेकते, आणखी ताप. पुढे आतली रसायनं विघटित होऊन स्वतःच उष्णता सोडू लागतात. याला तंत्रज्ञ थर्मल रनअवे म्हणतात. आपण त्याला तापाचा भडका म्हणू. दूध उतू जाताना शेवटच्या क्षणी जसं आपल्या हातात राहत नाही, तसंच इथे होतं. फरक एवढाच, की दुधाखालचा गॅस बंद करता येतो. इथे आच भांड्यातूनच येते.

आणि एक वाईट गोष्ट. आपल्या फोन-लॅपटॉपमध्ये जे ऑक्साइड असतात, ते तापल्यावर थोडा प्राणवायू सोडतात. एरवी आगीवर घोंगडी टाकली की हवा तुटते आणि आग विझते. ही आग थोडीफार हवा स्वतःच्या घरातून आणते, म्हणून नुसतं झाकून ती हमखास विझत नाही. धूरही साधा नसतो. त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात.

मग शेजारच्या सेलची पाळी. लवंगी फटाक्यांची माळ असते ना, पहिल्याला वात लावली की बाकीच्यांना लावावी लागत नाही, तसंच. एक सेल तापला की त्याच्या आचेनं दुसरा, दुसऱ्यामुळे तिसरा. एप्रिल २०२२ मध्ये नाशिकजवळ कंटेनरमधून निघालेल्या इलेक्ट्रिक स्कूटरना आग लागली, तेव्हा एकीवरून दुसरीवर करत अनेक गाड्या जळाल्या. तिथे रस्ता होता, कंटेनर बाजूला घेता आला, अग्निशमन दल येऊ शकलं. विमान असं कडेला घेता येत नाही.

एक अंदाज देतो. २०,००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-अवर, पॉवर बँकेवर छापलेलं क्षमतेचं माप) भरलेल्या पॉवर बँकेत जेवढी वीज असते, तेवढ्यात पाऊण लिटरहून जास्त पाणी खळखळून उकळतं. ती उष्णता मुठीएवढ्या डबीतून काही सेकंदांत बाहेर पडली, वर तो पेटणारा द्रवही जळला, तर काय होईल याची कल्पना करा.

तीन आगी, तीन जागा

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मला या तीन घटनांत मिळतं.

पहिली, ३ सप्टेंबर २०१०. दुबईहून जर्मनीतल्या कोलोनला निघालेलं यूपीएसचं मालवाहू बोइंग ७४७. मालात हजारो लिथियम बॅटऱ्या. उड्डाणानंतर वीसेक मिनिटांत आगीचा इशारा वाजला. वैमानिकांनी विमान दुबईकडे वळवलं, पण धूर कॉकपिटमध्ये शिरला. समोरची यंत्रं दिसेनाशी झाली. इशारा वाजल्यापासून अर्ध्या तासाच्या आत विमान कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. आग जिथे होती तिथे कुणालाही पोचता आलं नाही. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या जेजू बेटाजवळ एशियानाचं मालवाहू विमान आगीमुळे समुद्रात पडलं. त्याच्याही मालात लिथियम बॅटऱ्या होत्या.

दुसरी, २८ जानेवारी २०२५. दक्षिण कोरियात बुसानच्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान हाँगकाँगला निघायच्या तयारीत उभं होतं. आत १७६ माणसं. डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून धूर येऊ लागला. कप्पा बंद, आत बॅगांवर बॅगा. नेमकं काय जळतंय ते दिसेपर्यंत आग छतात गेली होती. विमान जमिनीवर होतं म्हणून सगळे घसरगुंड्यांवरून उतरले आणि वाचले. विमानाचं छत मात्र जळून उघडं पडलं. तपास करणाऱ्यांनी पुढे सांगितलं, की एका पॉवर बँकेतलं आतलं आवरण निकामी होऊन आग लागली असण्याची शक्यता आहे.

तिसरी आपल्याकडची, १९ ऑक्टोबर २०२५. दिल्लीहून नागालँडमधल्या दिमापूरला जाणारं विमान धावपट्टीकडे निघालं होतं. एका प्रवाशाच्या समोरच्या सीटच्या खिशात ठेवलेल्या पॉवर बँकेनं पेट घेतला. धूर तिथल्या तिथे दिसला, कर्मचारी धावले, काही सेकंदांत आग विझली. कुणाला इजा झाली नाही.

बॅटरी तीच आणि भडकाही तसाच. बदलली ती जागा. विमानाच्या पोटात आग लागली तर तिथे माणूस नाही. डोक्यावरच्या कप्प्यात लागली तर माणूस आहे, पण त्याला दिसत नाही. समोरच्या खिशात लागली तर दिसतं, वास येतो, चटका जाणवतो, आणि दोन पावलांवर कर्मचारी असतो. मावशीच्या मांडीवर पॉवर बँक ठेवायला सांगतात ती एवढ्यासाठी. मांडीवर तिला आग लागणार नाही, असा दावा कुणीच करत नाही. लागलीच तर पहिल्या क्षणी कळावी, हा त्यामागचा हेतू आहे.

पण खाली आग विझवायची सोय असते ना?

असते. प्रवासी विमानाच्या सामानकक्षात हॅलॉन वायू सोडायची व्यवस्था असते. हॅलॉन ज्वाळा विझवतो. कपडे, कागद, खोके यांच्या आगीसाठी तो उत्तम आहे. पण तो गारवा देत नाही, आणि तापाचा भडका गारव्याशिवाय थांबत नाही. ज्वाळा विझली तरी आतला सेल तापलेलाच राहतो, शेजाऱ्याला तापवत राहतो, आणि थोड्या वेळानं माळेतला पुढचा फटाका उडतो.

म्हणून केबिनमध्ये कर्मचारी आधी हॅलॉनच्या नळकांड्यानं ज्वाळा मारतात आणि मग पाणी ओततात, पुन्हा पुन्हा, बॅटरी थंड होईपर्यंत. पाणी नसेल हाताशी तर ज्यूस, सरबत, अल्कोहोल नसलेलं काहीही. बर्फ मात्र नाही. बर्फाचा थर बॅटरीवर पांघरुणासारखा बसतो आणि आतली उष्णता कोंडली जाते.

इथे शाळेतला प्रयोग आठवून कुणी म्हणेल, लिथियम पाण्यात टाकलं की ते भडकतं, मग पाणी कसं चालेल? शुद्ध लिथियमचा तुकडा असेल तर ते खरं आहे. फोनच्या बॅटरीत असा तुकडा नसतो, लिथियम इतर पदार्थांत विखुरलेलं असतं. शेजारचे सेल गार करण्याचा फायदा इतका मोठा आहे, की छोट्या बॅटरीसाठी पाणीच सांगतात. शॉकचंही भय नाही, एका सेलचा दाब जेमतेम ३.७ व्होल्ट.

किती मोठी चालते?

मोजमाप वॉट-अवरमध्ये करतात. बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते त्याचं हे माप. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी असते. १०० ते १६० च्या मधली सुटी बॅटरी न्यायची तर विमान कंपनीची आधी संमती लागते, आणि तीही जास्तीत जास्त दोन. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही.

पॉवर बँकेवर बहुधा एमएएच लिहिलेलं असतं, तेव्हा हिशेब करावा लागतो. एमएएचला हजारानं भागा आणि ३.७ नं गुणा. १०,००० ची झाली ३७ वॉट-अवर, २०,००० ची ७४. साधारण २७,००० ला शंभरी भरते. बरेच जण ३.७ ऐवजी ५ व्होल्टनं गुणतात, कारण यूएसबीवर ५ लिहिलेलं असतं, आणि २०,००० ची पॉवर बँक शंभराच्या काठावर आली म्हणून घाबरतात. तो पाच आकडा बाहेर निघणाऱ्या विजेचा. क्षमता आतल्या सेलच्या ३.७ वर मोजलेली असते. तिथल्या तिथे वाद घालण्यापेक्षा 'वॉट-अवर' छापलेलीच पॉवर बँक घ्यावी. अक्षरं पुसलेली असतील तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेऊ शकतात, आणि त्यांचं चुकत नाही. काय आहे हेच कळत नसेल तर ते सोडणार कशाच्या आधारावर?

पॉवर बँक ही स्वतःच एक सुटी बॅटरी धरतात. कॅमेऱ्याच्या, ड्रोनच्या जादा बॅटऱ्याही सुट्याच. सुट्या सगळ्या जवळ. त्यांच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवावी. पर्समध्ये किल्ल्या आणि सुटी नाणी असतात. किल्ली दोन टोकांना टेकली की बाहेरूनच शॉर्ट सर्किट. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मुलांना हे मी आवर्जून सांगतो, त्यांच्या एका बॅगेत आठ-दहा बॅटऱ्या एकमेकींवर आपटत असतात.

लॅपटॉप, ट्रिमर अशा वस्तूंत बसवलेली बॅटरी शक्यतो जवळच असावी. मोठ्या बॅगेत टाकायचीच वेळ आली तर वस्तू पूर्ण बंद करून, चुकून चालू होणार नाही अशी बांधून. नुसती स्लीप मोडवर झोपवलेली नाही, बंद. विजेवरची व्हीलचेअर न्यायची असेल तर तिकीट काढतानाच कंपनीला कळवा. तिचे नियम वेगळे आहेत आणि आयत्या वेळी म्हाताऱ्या माणसाची फार ओढाताण होते.

जवळ ठेवली, मग वापरली तर काय बिघडलं?

चार्ज होताना आणि करताना बॅटरी तापते. आधीच कुठे दोष असेल तर तो याच वेळी उघडा पडतो. त्यात विमानात आपण काय करतो? वायर जोडतो, दोन्ही वस्तू ब्लँकेटखाली घेतो आणि झोपतो.

थाई एअरवेजनं मार्च २०२५ पासून आणि सिंगापूर एअरलाइन्सनं एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरणं बंद केलं. दक्षिण कोरियानं मार्चमध्ये ती वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली, जपाननं जुलैमध्ये. चीननं जूनच्या अखेरीस देशांतर्गत विमानांत स्वतःचं सुरक्षा चिन्ह नसलेल्या पॉवर बँकांना बंदी घातली. एमिरेट्सनं ऑक्टोबरपासून माणशी एकच, तीही शंभर वॉट-अवरच्या आतली, आणि विमानात वापरायची नाही, असं ठरवलं. मला हा एकाचा नियम पटतो. चार माणसांच्या घरात सहा पॉवर बँका कुणाला लागतात? भारतात दिमापूरच्या घटनेनंतर डीजीसीएनं, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला आणि विमानात तिच्यावर काही चार्ज करायला मनाई केली. सीटजवळच्या सॉकेटला ती जोडायचीही नाही. नियम अजून बदलत आहेत, तेव्हा निघण्याआधी आपल्या कंपनीचा ताजा नियम एकदा वाचलेला बरा, विशेषतः मुलांकडे सिंगापूर-दुबईला जाणाऱ्या आई-वडिलांनी.

विमानात तर शेकडो बॅटऱ्या असतात, मग एवढी भीती कशाला?

खरं आहे. १८० जणांच्या विमानात फोन, लॅपटॉप, इयरफोन, घड्याळं धरली तर सेल सहज पाचशेच्या वर जातील. त्यातला एखादा भडकण्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी. चांगल्या बॅटरीत जादा चार्ज आणि जादा प्रवाह तोडणारं छोटं सर्किट असतं. घाबरून विमानप्रवास टाळावा, असं माझं अजिबात म्हणणं नाही.

पण सगळ्या बॅटऱ्या सारख्या नसतात. रस्त्यावर दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारी पॉवर बँक हातात घेऊन बघा. क्षमतेचा आकडा मोठा, वजन हलकं, आणि ते सर्किट आहे की नाही कुणास ठाऊक. भारतात पॉवर बँकेला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. मागच्या बाजूला 'आर' या अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

जुनी बॅटरीही तपासा. टेबलावर सपाट ठेवा आणि बोटानं दाबा. डुगडुगली, मधून फुगीर लागली, शिवण उकलल्यासारखी दिसली, तर आत वायू साठलाय. ती विमानात न्यायची नाहीच, घरातही उशाशी नको. ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकलीत तर कचऱ्याच्या गाडीत ती चेपली जाते आणि भोगतात ते सफाई कामगार. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावरच द्या.

मग विमानातून बॅटऱ्यांचा माल जातच नाही?

सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा माल प्रवासी विमानातून नेण्यावर १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. मालवाहू विमानातून नेताना त्या साधारण ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज असता कामा नयेत. जितकी कमी भरलेली तितका भडका मवाळ. यावरून आपणही एक गोष्ट करू शकतो, पॉवर बँक काठोकाठ भरून न्यायचा हट्ट सोडायचा.

विमानाच्या स्वतःच्या बॅटऱ्याही यातून सुटलेल्या नाहीत. जानेवारी २०१३ मध्ये बोस्टनला उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ मधली बॅटरी पेटली, नऊ दिवसांनी जपानमध्ये दुसऱ्या ७८७ मधून धूर आला, आणि जगभरातली ती सगळी विमानं काही महिने जमिनीवर बसवली. पुन्हा उडाली तेव्हा बॅटरी पोलादी पेटीत होती आणि धूर विमानाबाहेर काढणारी नळी तिला जोडलेली होती.

ज्या दोन वेळी हमखास चूक होते

पहिली वेळ दारातली. विमान भरलेलं असतं, वर जागा नसते, आणि कर्मचारी म्हणतात, ही छोटी बॅग द्या, खाली ठेवतो. आपण घाईत देऊन टाकतो. तिच्यात पॉवर बँक असते. त्या क्षणी ती केबिनमधली बॅग राहत नाही, विमानाच्या पोटात जाते. रांग खोळंबली तरी चालेल, मागचे कुरकुरले तरी चालेल, चेन उघडून पॉवर बँक आणि जादा बॅटऱ्या काढून घ्या. म्हणूनच त्या बॅगेच्या वरच्या खणात, एका लहान पिशवीत एकत्र ठेवलेल्या बऱ्या.

दुसरी वेळ सीटवरची. डुलकी लागते आणि फोन सीटच्या फटीत सरकतो. जाग आल्यावर आपण हात घालतो, पोचत नाही, म्हणून सीट मागेपुढे करतो. तिथेच घात होतो. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या हलतात आणि फोन त्यांच्यात सुपारीसारखा अडकित्त्यात सापडतो. बॅटरी चेपली, पडदा फाटला, पुढचं वर सांगितलंच आहे. फोन पडला की सीट हलवू नका. आहात तसे बसा आणि डोक्यावरचं माणसाच्या चित्राचं बटण दाबा. कर्मचाऱ्यांना हे नवीन नसतं, ते सीटची गादी उचलून फोन काढून देतात.

परतीच्या विमानात मावशीनं पॉवर बँक मोज्यातून काढून समोरच्या खिशात ठेवली, फोनपासून वेगळी, दिसेल अशी. शेजारच्या मुलानं वायर जोडलेली पॉवर बँक ब्लँकेटखाली घेतली, तेव्हा तिनं त्याच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "बाळा, ती बाहेर ठेव, आणि वायर काढ."